इस्त्रीसर आणि बिनबाह्यांचा स्वेटर

इस्त्रीसर हे नाव मुलांनी ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं, की कुणी त्यांना खऱ्या नावाने हाक मारली तर आम्ही शिक्षकच इकडेतिकडे बघायचो, हा कोण नवीन आलाय म्हणून. त्यांच्या पँटच्या घडीने काकडी कापता आली असती. खुर्चीत बसताना ते गुडघ्यापाशी पँट दोन बोटांत धरून जरा वर उचलत, मग टेकत, आणि टेकून झाल्यावर वाकून घडी जाग्यावर आहे ना याची खात्री करून घेत. शिकवायचे भूगोल. पण शाळेतल्या अर्ध्याअधिक मुलांना ते काही शिकवतात याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी ते फाटकावरचे सर, म्हणजे शिस्तप्रमुख.

हे पद कुणालाच नको होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, फाटकात उभं राहून दुसऱ्यांच्या पोरांचे मोजे बघायचे आणि मग त्या पोरांच्या आईबापांच्या शिव्या खायच्या. मुख्याध्यापिकाबाईंनी बैठकीत "हे काम कोण घेतंय?" असं विचारलं, तेव्हा आम्ही सगळे एकदम छताचा पंखा न्याहाळायला लागलो. इस्त्रीसरांनी हात वर केला. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी तिथल्या तिथे सरांना एक शिट्टी भेट दिली. सरांनी ती नको म्हटलं. शिट्टी खेळाच्या तासाला वाजवतात, फाटकात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या या वेडाला मूळ होतं. एकदा तास रिकामा असताना स्टाफरूममध्ये त्यांनी मला सांगितलं. लहानपणी त्यांच्या आईने वडिलांची जुनी पँट कापून त्यांना शाळेची चड्डी शिवली होती. रंग राखाडीच, पण शाळेच्या राखाडीहून किंचित पिवळट. वर्गशिक्षकांनी त्यांना बाकावर उभं केलं आणि वर्गाला विचारलं, "ह्याच्यात वेगळं काय आहे, सांगा पाहू?" वर्गाने एका सुरात सांगितलं. एखादा दुसरा पोरगा असता तर त्या मास्तरांना जन्मभर मनात शिव्या घालत राहिला असता. आपल्या सरांनी मात्र असा निष्कर्ष काढला, की चूक रंगाची होती. सगळ्यांचे कपडे हुबेहूब सारखे असते तर हसायला कुणी उरलंच नसतं.

"म्हणून मी कुणालाच सोडत नाही," ते म्हणाले. "एकाला सोडलं, की दुसऱ्याचं हसं होतं."

ते इतक्या मनापासून बोलत होते, की मला हसता आलं नाही. नंतर घरी जाऊन हसलो.

आता त्या स्वेटरबद्दल सांगायला हवं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची सूनबाई कपड्यांच्या डिझाइनचं काहीतरी शिकून आली होती. शिक्षण वाया जाऊ नये म्हणून अध्यक्षांनी आख्ख्या शाळेचा गणवेश तिच्या हवाली केला. तिने थंडीसाठी बाटलीच्या हिरव्या रंगाचा, पुढे व्ही आकाराचा गळा असलेला, बिनबाह्यांचा स्वेटर काढला. बाह्या का नाहीत, असं खेळाच्या सरांनी भाबडेपणाने विचारलं. बाह्यांमुळे शर्टाची कॉलर आणि बाही यांचा 'तोल' जातो, असं उत्तर मिळालं. माहितीपुस्तिकेसाठी त्या स्वेटरातल्या मुलांचे फोटो भर उन्हाळ्यात काढले. फोटोत मुलं छान टवटवीत दिसतात. तो घाम आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

स्वेटर लोकरीचा होता असं म्हणायला कोणतीच मेंढी तयार झाली नसती. तो अंगात घातला, की छाती आणि पाठ यांना आपण स्वेटर घातलाय अशी बातमी कळायची, ऊब मात्र पोचायची नाही. दंडांना तर बातमीही नाही. त्याखाली अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मुलींना स्कर्ट, लहान मुलांना चड्डी. गणवेशाच्या नियमात शेवटी एक ओळ होती: याव्यतिरिक्त अंगावर काहीही दिसता कामा नये. ही ओळ इस्त्रीसरांना तोंडपाठ होती.

पहिली काही वर्षं थंडी बेताची पडली आणि सगळं निभावून गेलं. मग एक हिवाळा असा आला, की सकाळी नळ उघडला तर आधी नुसता सुस्कारा यायचा. फाटकाच्या लोखंडी गजांना हात लावला तर बोटं चिकटतात की काय असं वाटायचं. शाळेच्या आवारात धुकं असायचं आणि धुक्यात नुसते दात वाजल्याचे आवाज. मैदानावर प्रार्थनेला उभी असलेली मुलं गात होती की कुडकुडत होती, ते सुरावरून ओळखू येत नसे. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र प्रार्थनेत यंदा 'एक वेगळाच कंप' आहे असं म्हटलं. त्या हे बोलल्या तेव्हा त्यांच्या टेबलाखाली हीटर चालू होता.

मुलांनी अर्थातच मार्ग काढले. काहींनी शर्टाखाली आणखी दोन शर्ट चढवले. मुलींनी स्कर्टखाली लांब विजारी घालून त्या गुडघ्यापर्यंत गुंडाळून ठेवल्या आणि फाटक ओलांडलं की सोडल्या. कुणीतरी शोध लावला, की छातीशी वर्तमानपत्र गुंडाळलं की वारा आत शिरत नाही. आठवडाभरात आख्खा वर्ग कागद गुंडाळून यायला लागला. मी 'बसा' म्हटलं, की वाचनालयात सगळ्यांनी एकदम पान उलटावं तसा आवाज व्हायचा.

पण इस्त्रीसरांच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. एका रात्रीत जाड झालेलं मूल ते लांबूनच ओळखत. पाठीवर हलकी थाप मारत. कुरकुर ऐकू आली, की "काढ" एवढंच म्हणत. आवाज चढवणं नाही, हात उगारणं नाही. ते स्वतः गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड कोट घालून उभे असत. शिक्षकांना गणवेश नव्हता, त्यामुळे त्यांच्या मते त्यात काही गैर नव्हतं. जप्त केलेले स्वेटर, मफलर, कानटोप्या, हातमोजे व्यवस्थित घडी करून नकाशांच्या कपाटात ठेवले जात. जगाचे नकाशे आधी कोपऱ्यात सरकले, मग कपाटावर चढले. शिपाईमामा एकदा दार लोटता लोटता म्हणाले, "सर, शाळेत एवढं एकच कपाट सुखात आहे बघा."

सरांनी ते ऐकून घेतलं आणि घडी घालायला पुढचा मफलर उचलला.

त्याच आठवड्यात सहावीच्या वर्गात ते शीत प्रदेश शिकवत होते. मी बाजूच्या वर्गात होतो आणि मधली भिंत फळीची. 'शीत प्रदेशातील लोक थंडीपासून रक्षण व्हावे म्हणून जाड लोकरीचे व कातड्याचे कपडे वापरतात' हे वाक्य त्यांनी मुलांना लिहून घ्यायला सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "सर, पेन धरता येत नाही."

"का?"

"बोटं वळत नाहीयेत."

"हात चोळ आणि लिही," सर म्हणाले. "परीक्षेत येतं हे."

घरी सरांचं चालत नसे. त्यांची बायको मुलांच्या दवाखान्यात परिचारिका. त्या दिवसांत खोकणारी, तापलेली पोरं बघून ती घरी यायची आणि त्यातली निम्मी बाटलीच्या हिरव्या रंगात असायची. एका रविवारी मी काही कामासाठी त्यांच्याकडे गेलो होतो. ती पँटला इस्त्री करणाऱ्या सरांसमोर उभी होती.

"अहो, आज तुमच्या शाळेची चार पोरं आली वॉर्डात. एकाची तर छाती कोंबडीसारखी उडत होती."

"थंडी आहेच यंदा."

"थंडी आहे हे तुम्हाला कळतंय ना? मग त्यांच्या अंगावरचं काढून कशाला घेता?"

सरांनी इस्त्री उभी केली. "मी एकट्यादुकट्याचं काढत नाही. थंडी वाजत असेल तर ती सगळ्यांना सारखी वाजते."

"वा," ती म्हणाली. "मग तापही सगळ्यांना सारखाच येईल, म्हणजे तुमचं हजेरीपुस्तकही सरळ रेषेत राहील." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, चहा घेणार ना? आमच्याकडे चहा गरम देतात. नियम नाहीये अजून त्याबद्दल."

सरांनी पँट उलटी केली आणि दुसऱ्या पायाची घडी बसवायला घेतली. त्यांना राग आलेला दिसला नाही. त्यांना वाटत होतं, की आपण न्यायाने वागतोय आणि न्यायाने वागणाऱ्याला घरात बोलणी बसायचीच.

मग अध्यक्षांचा नातू आला. तोपर्यंत तो कुठल्यातरी महागड्या शाळेत होता. तिथे काय झालं कुणी सांगत नव्हतं, पण वर्षाच्या मध्येच तो आमच्याकडे सातवीत दाखल झाला. पहिल्या दिवशी मोटारीतून उतरला तो निळं, फुगीर, आडव्या पट्ट्यांचं जॅकेट घालून. त्यात तो इतका गुबगुबीत दिसत होता, की फाटकातून आत येताना दोन्ही बाजूंना घासला. बाकीची मुलं काकडत बाजूला झाली.

इस्त्रीसर पुढे झाले. "काढ."

"आजोबांनी सांगितलंय घालायला," पोरगा म्हणाला.

"आजोबा शाळेत आले तर आजोबांनाही सांगेन. काढ."

हे ऐकणारे आम्ही दोघेतिघे शिक्षक होतो. आमच्यातला एकही पुढे झाला नाही, आणि खरं सांगायचं तर सरांचा त्या क्षणी आम्हाला हेवा वाटला. पोराने जॅकेट काढलं. सरांनी ते घडी करायचा प्रयत्न केला, पण ते जॅकेट घडी होणाऱ्या जातीचं नव्हतं. शेवटी त्यांनी ते उशीसारखं काखेत धरलं आणि कपाटाकडे गेले.

दुपारपर्यंत नातू शिंकायला लागला. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीबाहेर उभं राहिल्यावर आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण "हो साहेब" मोजता येत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सरांना बोलावून जॅकेट परत करायला लावलं. पोरगा ते घालून प्रार्थनेला रांगेत उभा राहिला.

त्या सकाळी मी सरांच्या शेजारी उभा होतो. समोर बाटलीच्या हिरव्या रंगाच्या रांगा, निळसर ओठ, काखेत दाबलेले हात. मधोमध एक निळा फुगा. सगळी मुलं त्याच्याकडे बघत होती. कुणी हसत नव्हतं, नुसती बघत होती. मग हळूहळू ती सरांकडे बघायला लागली.

सरांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "आता ह्याच्यात वेगळं काय आहे, असं विचारायचं का मी?"



"विचारलं तर ती उत्तर देतील," ते म्हणाले. "आणि ह्या खेपेला उत्तरात माझंच नाव असेल." त्या दिवशी भूगोलाच्या तासाला त्यांनी मुलांना नकाशा भरायला देऊन टाकला आणि खिडकीशी उभे राहिले. बसले नाहीत, त्यामुळे घडी तशीच राहिली.

इकडे बाईंपुढे मोठीच अडचण होती. एका पोराला सूट दिली असं लिहिता येत नव्हतं, आणि सगळ्यांना दिली तर सूनबाईंचा अपमान. बाईंनी दोन दिवस डोकं लढवून एक सूचना काढली. तिच्यात लिहिलं होतं, की 'ज्या विद्यार्थ्यांची प्रकृती नाजूक आहे अशांनाच गणवेशाव्यतिरिक्त गरम कपडे वापरण्याची मुभा राहील. प्रकृती नाजूक आहे किंवा कसे, हे शिस्तप्रमुख ठरवतील.' ही शेवटची ओळ लिहून बाईंनी पालकांच्या शिव्या सरांच्या खात्यावर सरकवल्या होत्या. आम्हाला ती सूचना वाचून दाखवताना त्या फार खुशीत होत्या.

"सर, तुम्ही आहातच खमके," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातून कुणी भलतंसलतं नाजूक ठरणार नाही."

"नाही," सर म्हणाले. "नीट तपासून घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी ही गर्दी. सरांनी फाटकात स्टाफरूममधलं टेबल मांडलं होतं. एकेक मूल समोर यायचं. सर त्याला जीभ दाखवायला सांगत, हाताला हात लावून बघत, क्षणभर गंभीरपणे विचार करत आणि म्हणत, "नाजूक. पुढे."

पहिल्या काही मुलांना कळेचना की हे बक्षीस आहे की शिक्षा. मग एक लहानगी आली, तिचं नाक गळत होतं. "नाजूक." तिच्यामागून तिचा भाऊ. "नाजूक. घरी मफलर आहे? मग उद्यापासून घालून ये. आज कपाटातला घे." शिपाईमामा मागे व्हरांड्यात नकाशांच्या कपाटाची दारं सताड उघडून उभे होते आणि टोप्या, मफलर, स्वेटर वाटत होते. त्यातले काही स्वेटर आधीच्या हिवाळ्यातले निघाले. मुलं अंगापिंडाने वाढली होती, बाह्या कोपरावर येत होत्या, तरी कुणी परत दिलं नाही.

मग कुस्तीच्या संघाचा कप्तान आला. दहावीतला, फाटकाएवढा रुंद पोरगा. थंडीत बनियनवर पळतो म्हणून आख्ख्या शाळेत त्याचं नाव. तो सरांपुढे जीभ काढून उभा राहिला.

सरांनी त्याच्या मनगटाला हात लावला. बराच वेळ लावला. "फारच नाजूक," ते म्हणाले.

रांगेत मागे हशा पिकला. त्या फाटकात पहिल्यांदाच कुणाचं हसं झालं होतं आणि ज्याचं झालं तोही हसत होता. सर हसले नाहीत. त्यांना त्यात विनोद दिसत नव्हता. नियम होता, तो ते पाळत होते.

सगळ्यात शेवटी मोटारीतून अध्यक्षांचा नातू उतरला. सरांनी त्यालाही जीभ दाखवायला लावली, हात बघितला. हात जॅकेटच्या खिशात असल्याने मस्त गरम होता. आम्हाला वाटलं, आता सर उट्टं काढणार. सरांनी एकवार त्याच्याकडे, एकवार मागच्या मुलांकडे बघितलं. "तूसुद्धा," ते म्हणाले. "पुढे जा." पोरगा हिरमुसला. इतक्या गर्दीत नाजूक असण्यात काही राम उरला नव्हता.

बाई धावत आल्या तोवर प्रार्थनेच्या रांगा रंगीबेरंगी झाल्या होत्या. लाल, पिवळे, चट्ट्यापट्ट्यांचे, कुणाच्या आजीने विणलेले, कुणाच्या बापाचे कोट. बाईंचा चेहरा त्या सगळ्या रंगांतून गेला.

"सर, हे काय आहे?"

"तपासलं, बाई. सगळीच निघाली."

"आख्खी शाळा नाजूक आहे?"

"थंडी आहे ना," सर म्हणाले. "उन्हाळ्यात पुन्हा तपासू."

बाईंना सूचना मागे घेता येईना, कारण ती मागे घेतली तर नातवाचं जॅकेट पुन्हा काढावं लागलं असतं. सूनबाई म्हणे दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. अध्यक्षांनी स्वतः येऊन मैदानावर बघितलं, नातवाला निळ्या जॅकेटात शोधायचा प्रयत्न केला, आणि त्या गर्दीत तो सापडला नाही म्हणून परत गेले. त्या वर्षी उरलेली थंडी मुलांनी घरातल्या कपड्यांत काढली. दवाखान्यातली हिरवी गर्दी ओसरली. सरांच्या बायकोने याबद्दल त्यांना शाबासकी दिली का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "नाही. उशीर केलात, असं म्हणाली." मग पँटच्या घडीवरून बोट फिरवत म्हणाले, "बरोबरच आहे तिचं."

पुढच्या वर्षी सूनबाईंनी नवा स्वेटर काढला. त्याला बाह्या होत्या. माहितीपुस्तिकेत तिचा फोटो आणि खाली 'विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा विचार सर्वप्रथम' असं छापलं होतं. इस्त्रीसरांचा उल्लेख कुठे नव्हता आणि तो असावा असं त्यांना वाटलंही नसावं. त्यांचं शिस्तप्रमुखपद काढून खेळाच्या सरांना दिलं गेलं. ते स्वतःच दिवसभर टोपी घालून फिरत, त्यामुळे ते कुणाला काही बोलत नसत.

बाईंनी मात्र राग धरला होता. "तुम्हाला नाजूक मुलं फार चांगली ओळखता येतात," असं सगळ्यांदेखत म्हणून त्यांनी सरांच्या गळ्यात शाळेची प्रथमोपचाराची खोली मारली. तिथे एक खाट, औषधांची पेटी आणि एक गळकं बेसिन आहे. बाईंना वाटलं, हा माणूस आता ओशाळेल. सरांनी पहिल्या दिवशी खाटेची चादर बदलली, पट्ट्यांच्या एकसारख्या घड्या घातल्या आणि तापमापक धुऊन ठेवला. थंडीत कुणी कुडकुडत आलं तर ते आधी स्वतःचा कोट त्याच्या अंगावर टाकतात. मग तो कोट परत घेताना कॉलरवरची सुरकुती बघून त्यांच्या कपाळाला आठी पडते, ती वेगळी.

गणिताच्या चाचणीच्या दिवशी मात्र त्या खोलीत जायला कुणी धजत नाही. परवाच आठवीतला एक पोरगा पोट धरून गेला होता. सरांनी त्याला झोपवलं, पोट दाबून बघितलं, जीभ बघितली.

"सर, फार दुखतंय. मी नाजूक आहे," तो म्हणाला.

"नाहीस," सर म्हणाले. "ऊठ, आणि जाताना मोजे वर ओढ."